वाजवणाऱ्यानं ऐकायचं नसतं

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या जयंतराव खोलकुट्यांकडे काम घेऊन जायचं तर नऊ ते बाराच्या दरम्यान जावं. नऊच्या आधी त्यांचा चहा व्हायचा असतो. बारानंतर ते जेवायला बसतात, आणि ताटावर असताना फाटकात कुणी उभं दिसलं की कपाळावर जी आठी चढते ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. शिवाय घाई आहे असं चुकूनसुद्धा म्हणू नये. "घाई असेल तर कोलार रोडला जा, तिथे पुष्कळ दुकानं आहेत," असं म्हणून ते सरळ आत निघून जातात. आता बोला! असा हा तिरसट माणूस. पण हातात कसब असं, की लोक आठ्या सोसून येतच राहिले.

जन्म नागपूरचा, सक्करदऱ्याचा. आयटीआय करून एकोणऐंशी साली भोपाळच्या मोठ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि अडतीस वर्षं लेथसमोर उभे राहून तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीच्या किती तरी आधी त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली होती आणि एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना लेथ आणून तिच्यात बसवला होता. सुलभाताई, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा म्हणाल्या होत्या, "लोक सवत आणतात ती दोन पायांची तरी असते." हे ऐकून जयंतराव हसले होते. त्या काळी ते हसायचे.

त्या लेथवर त्यांचं खास काम म्हणजे टूलपोस्ट ग्राइंडरचं. लेथवर जिथे कापायचं हत्यार बांधतात, तिथे हत्यार काढून एक छोटा ग्राइंडर बसवायचा. पोलाद इतकं कडक झालेलं असतं की हत्यार त्याच्यावरून नुसतं घसरतं; तिथे ग्राइंडरचा हा गोल दगड फिरवायचा आणि केसाच्या दहाव्या हिश्श्यानं माल उतरवायचा. काम नाजूक, आणि तितकंच जिवावरचं. दगड मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्याला कुठे बारीकशी भेग असली, की फिरता फिरता त्याच्या ठिकऱ्या उडतात, आणि त्या समोर कोण उभा आहे हे विचारत बसत नाहीत.

म्हणून दगड चढवण्याआधी वाजवून पाहायचा. बोटावर टांगायचा, लाकडी मुठीनं हळूच चार जागी टकटक करायचं. चांगला दगड काचेच्या भांड्यासारखा टिंग् वाजतो. भेगेचा दगड बद्द वाजतो. जयंतरावांना हे शिकवलं विश्वासराव ढोकांनी. ते जुने मिस्त्री, तोंडाचे फाटके, मनाचे सोन्यासारखे. त्यांचा एक नियम होता, जो कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. "वाजवणाऱ्यानं ऐकायचं नसतं, जयंता. वाजवणाऱ्याला काम उरकायचं असतं. त्याला जे हवं तेच ऐकू येतं. ऐकणारा दुसरा पाहिजे, आणि त्यानं पाठ करून उभं राहायचं." म्हणून त्यांच्या टोळीत एक जण वाजवायचा आणि दुसरा पाठमोरा उभा राहून ओरडायचा, "वाजला!" त्या ओरडण्याशिवाय कुणाची बिशाद नव्हती दगड चढवायची.

घरच्या शेडमध्ये दुसरा माणूस कुठून आणणार? तर स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडते. जयंतराव इकडे दगड वाजवायचे आणि तिकडून, ओट्याकडे तोंड करून, सुलभाताई ओरडायच्या, "वाजला हो!" पोळ्या लाटता लाटता, फोडणी देता देता, रागावलेल्या असल्या तरी. रागात असल्या की नुसतं "वाजला" म्हणायच्या, 'हो' गाळून. एकदाच, मुलगा हर्षल शाळेत होता तेव्हा, त्या कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा नाही वाजला." जयंतराव भडकले. नवाकोरा दगड, आणि ही बाई आपल्याला शिकवतेय! पण उन्हात तिरका धरून पाहिला तर केसासारखी भेग, आरपार. त्यांनी तो तिथल्या तिथे हातोडीनं फोडला, कारण खोटा दगड ठेवायचा नसतो, उद्या चुकून कुणी तरी चढवतो. त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या कानांपेक्षा सुलभाताईंच्या कानांवर विश्वास जास्त.

आणि तीन वर्षांपूर्वी सुलभाताई पुण्याला गेल्या. हर्षलला मुलगी झाली, जुई. सूनबाई केतकीची नोकरी, पाळणाघराचा भरवसा नाही, तर "तीन महिने जाऊन येते" म्हणून गेल्या. जाताना कॅलेंडरवर डिसेंबरच्या चौदा तारखेला स्वतःच्या हातानं 'परत' असं लिहून गेल्या. तो डिसेंबर कधीच गेला. नातवंडात जीव अडकला की आजी काय परत येतेय! मधे दोनदा येऊन गेल्या, आठ-आठ दिवस. डबे भरले, पडदे धुतले, "लेथ विकून टाका आणि चला" असं बजावलं आणि गेल्या. जयंतराव एकटे राहिले. सकाळी दोन कप चहा करायची सवय वर्षभर सुटली नाही. दुसरा कप ते अकरा वाजता गार झालेला पिऊन टाकायचे.

हे एकटेपण सोसलं असतं हो. माणूस सोसतो. पण त्यात आणखी एक गोष्ट येऊन बसली, जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

जयंतरावांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. ट्रकचा हॉर्न यायचा, लेथची घरघर यायची, शेजारच्या गच्चीवरचं बांधकाम यायचं. पण कुकरची शिट्टी गेली. एका महिन्यात तीनदा वरण करपलं तेव्हा त्यांना कळलं. मग चिमण्या गेल्या. मग फोनवरचा सुलभाताईंचा आवाज. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करायचा हा घरचा रिवाज, तर त्यांनी युक्ती काढली: आपणच बोलत राहायचं. पाणी दोन दिवसांआड येतं, पेरूला बहर आलाय, शेजारचे पाठक गेले. मधे तिचे ओठ हलले की "हो हो, बरं बरं". झाकली मूठ सव्वा लाखाची! पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? कॉल दहा मिनिटांचा पाच मिनिटांवर आला, पाचाचा तीनवर. सुलभाताईंना वाटायचं, यांना आपल्याशी बोलण्यात रस उरला नाही. त्यांना तसं वाटतंय हे जयंतरावांना स्क्रीनवर दिसायचं. दिसायचं तर सगळं.

कानाचं यंत्र का घेतलं नाही, असं कुणीही विचारील. अहो, त्यासाठी आधी कबूल करावं लागतं! जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, त्याला स्वतःच्या कानात यंत्र घालायची लाज. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण पुण्यातल्या बागेतलं होतं.

गेल्या दिवाळीत ते पुण्याला गेले होते, राहायलाच म्हणून. एका संध्याकाळी जुईला घेऊन सोसायटीच्या बागेत उतरले. पोरगी झोपाळ्यावर, आणि हे पाच पावलांवर, पाठमोरे, फाटकाची बिजागरी का अडकत असेल ते वाकून बघतायत. तेवढ्यात जुईचं बोट झोपाळ्याच्या साखळीत अडकलं. तिनं हाका मारल्या, "आबा, आबा!" आबांना एकही हाक पोचली नाही. कुठली तरी बाई धावत आली, तिनं बोट सोडवलं, आणि मग यांच्यासमोर येऊन त्यांच्या तोंडावर ओरडली, "आजोबा, किती हाका मारतेय ती! लक्ष कुठाय तुमचं?" जयंतराव वळले. जुईचा चेहरा लाल, गालांवर पाणी, तोंड उघडं, आणि त्यातून निघणारं रडणं त्यांना ऐकू येत नव्हतं.

घरी त्यांनी सांगितलं, झोपाळ्यात बोट चेपलं, एवढंच. आणि तिसऱ्या दिवशी, "एक अर्जंट काम आलंय" म्हणून भोपाळचं तिकीट काढलं. सुलभाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जा. लेथ काही हाक मारत नाही तुम्हाला, बरंय." त्यांना काय ठाऊक त्या काय बोलल्या ते. जयंतरावांनी ते ओठांवरून वाचलं आणि गाडीत इटारसी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

तर असं सगळं चाललं असताना परवाच्या मंगळवारी साडेनऊला गोविंद आला. गोविंदची पिठाची चक्की आहे, बाग सेवनिया वस्तीत. तीन पिढ्यांपासून भोपाळी, त्यामुळे मराठीत अर्धी हिंदी. आवाज मात्र ढोलासारखा, म्हणून जयंतरावांना तो आवडायचा.

"काका, चक्कीचा शाफ्ट गेला ना! बेअरिंगच्या जागी घिसून गेला होता, तर वेल्डिंगनं भरून आणलाय. पण इतका कडक झालाय की कोणी हात लावत नाही. लोक परेशान झालेत, कणीक मिळेना."

"ठेव तिथे," जयंतराव म्हणाले. शाफ्ट फिरवून पाहिला, बोट लावून पाहिलं. "होईल."

ते तयारीला लागले. आधी लेथचा बेड, म्हणजे खालचे गुळगुळीत रूळ, झाकायचा, कारण दगडाची भुकटी बेडवर पडली की ती लेथलाच खाते. चिंध्या घालायच्या नाहीत. चिंधी काम धरून फिरणाऱ्या चकात गेली की हात घेऊन जाते. जयंतराव जुन्या कॅलेंडरची जाड पानं ओली करून अंथरतात आणि कडेला लोहचुंबकानं दाबून टाकतात. तीन वर्षांपूर्वीच्या त्या कॅलेंडरची अकरा पानं या कामी लागून गेली होती. बारावं त्यांनी कधी काढलं नाही. दगडाच्या खाली पाण्याची पसरट थाळी ठेवली. ग्राइंडर बांधला, त्याची मध्यरेषा शाफ्टच्या मध्यरेषेशी जुळवली, लेथ उलटा फिरवून पाहिला, कारण दगड आणि काम जिथे भिडतात तिथे दोघांनी एकमेकांच्या विरुद्ध धावलं पाहिजे. मग फळीवरून दगड काढले. दोन होते. एक जुना, झिजून लहान झालेला, वर्षानुवर्षं इमानानं चाललेला. दुसरा पांढरा, नवा, कुरिअरनं आलेला. खोक्याचा एक कोपरा चेपला होता.

जुन्यानं काम झालं असतं, पण वेळ दुप्पट. त्यांनी पांढरा घेतला, बोटावर टांगला, स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं वाजवला.

काहीच नाही. कणकेच्या गोळ्यावर बोट मारावं तसं. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. कानाशी नेला. बोटाला किंचित थरथर लागली, की लागली असं वाटलं? उन्हात धरला तर भेगबिग दिसेना, पण डोळ्यांवरही आता किती भरवसा ठेवायचा. जयंतरावांनी खिडकीकडे पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. मग त्यांनी गेली तीन वर्षं करत आले होते तेच केलं. स्वतःशीच पुटपुटले, "वाजला."

अरे, अशा वेळी विश्वासराव असते तर कान धरून बाहेर काढलं असतं!

दगड चढवला. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या, नट बेताचाच आवळला, त्यावर झाकण, पट्ट्यावर जाळी. डोळ्यांना चष्मा लावला. स्वतः बाजूला उभे राहिले. आधी मिनिटभर दगड नुसता फिरवायचा, आणि त्या मिनिटात त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. बोट बटणाकडे नेलं आणि वर पाहिलं तर गोविंद बरोब्बर दगडाच्या समोर वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, तमाशा बघायला उभा.

"काका," तो आपल्या ढोलाच्या आवाजात म्हणाला, "हा फुटत तर नाही ना?"

जयंतरावांना त्याचा प्रत्येक शब्द लख्ख ऐकू आला. 'नाही रे, वाजवून पाहिलाय,' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. वाजवून पाहिला होता, हे खरं. ऐकला कुणी होता? आपली मान आपली आहे, तिचं काय करायचं ते करू. पण हा पोराबाळांचा माणूस इथे आपल्यावर भरवसा टाकून वाकलाय. पाच पावलांवर. बागेत पाच पावलंच होती.

त्यांनी प्लग ओढून काढला.

"तू जा. तासाभरानं ये."

"काय झालं काका?"

"ये म्हटलं ना तासाभरानं! चहा पी कुठे तरी."

गोविंदलाच ऐकायला सांगता आलं असतं की! पण त्याचे कान वीस वर्षं चक्कीशेजारी भाजून निघालेले, आणि तोंड असं, की दुपारपर्यंत अख्ख्या बाग सेवनियाला कळलं असतं. तेवढंच नाही. जयंतरावांना एकाच माणसाचे कान हवे होते. त्यांनी दगड उतरवला, फोन तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सकाळी पावणेअकराला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. ही काही कॉलची वेळ नव्हे. सुलभाताईंचा चेहरा आला तोच घाबरलेला. ओठ म्हणाले, काय झालं?

"काही झालं नाही. दोन दगड वाजवतो. पाठ कर आणि ऐक."

त्या क्षणभर बघतच राहिल्या. त्या वळल्या. स्क्रीनवर त्यांचा अंबाडा दिसला. पांढरा झाला होता, हे जयंतरावांनी आत्ता पाहिलं. त्यांनी आधी जुना दगड वाजवला, चार जागी. अंबाडा हलला, मान होकारार्थी डोलली. मग पांढरा. मान हलेना. पुन्हा वाजवला. सुलभाताई वळल्या. मान दोन्ही बाजूंना हलवली, आणि मग ओठ हलू लागले, भराभर, काय काय विचारत.

'हो हो, बरं बरं' जिभेवर आलंच होतं. जयंतरावांनी ते गिळलं.

"सुलभा, तू काय म्हणतेस ते मला ऐकू येत नाही." आवाज नको तेवढा मोठा निघाला. "आज नाही, दीड-दोन वर्षं झाली. बारीक आवाज गेलेत माझे. दगडाचा गेला. कुकरचा गेला. तुझा फोनवरचा. आणि जुईचा. त्या दिवशी बागेत तिनं हाका मारल्या आणि मी तिथंच होतो गं, पाच पावलांवर. एक हाक आली नाही. लेथसाठी नाही आलो मी परत. बोटावर निभावलं, उद्या रस्त्यावर काही झालं असतं तर? कशाच्या भरवशावर पोर सोपवणार होतीस तू माझ्याकडे? म्हणून पळून आलो. भित्रा आहे मी."

सुलभाताईंचे ओठ थांबले. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि फोन कुठे तरी ठेवला गेला. स्क्रीनवर नुसतं छत आणि त्यावर गरगर फिरणारा पंखा.

जयंतराव पंख्याकडे बघत बसले. कॉल चालू आहे एवढंच त्यावरून कळत होतं. तिकडे कुणी रडतंय, की रागावलंय, की खोलीच सोडून गेलंय, काही कळायला मार्ग नव्हता. सहा महिने जी गोष्ट छातीत दाबून ठेवली होती ती बाहेर पडली होती, आणि आता शेडमध्ये इतकं रिकामं वाटत होतं की त्यांना लेथ सुरू करावासा वाटला, नुसती घरघर ऐकायला. बसून काय करायचं म्हणून त्यांनी पांढरा दगड फरशीवर ठेवला, हातोडी घेतली आणि फोडला. एका घावात दोन तुकडे झाले. एका कडेला तुटलेली जागा जुनाट, मळकी होती. भेग तिथेच होती, खोक्यातच पडलेली. जयंतराव स्टुलावर बसले. गोविंद वाकला होता, गुडघ्यांवर हात ठेवून.

बऱ्याच वेळानं उठले. जुना दगड घेतला. चढवण्याआधी प्रत्येक वेळी वाजवायचाच, आत्ताच वाजवला होता हे चालत नाही. बोटावर टांगला आणि चारदा वाजवला. कुणासाठी, कुणास ठाऊक.

पंखा दिसेनासा झाला. स्क्रीनवर आधी एक हनुवटी आली, मग नाक, मग अख्खी जुई, फोन दोन्ही हातांत धरून. ती मागे वळून कुणाकडे तरी बघत होती. मग तिनं फोनकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि तोंड फाडून, जीव खाऊन काही तरी ओरडली.

आवाज आला नाही. पण ओठ आधी पसरून उघडले, मग आवळले, मग पुन्हा मोठे उघडले. जयंतरावांनी किती तरी वर्षं तो शब्द पाठमोऱ्या बाईकडून ऐकला होता. तो कसा दिसतो हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले, आणि दगड वाजवला.

गोविंद तासाभरानं आला तेव्हा शाफ्टला हातही लागला नव्हता. काका फोनसमोर उभे राहून एकच दगड वाजवत होते, गाल ओले, आणि फोनमधून कुणी पोरगी दर खेपेला ओरडत होती. गोविंदला ते चांगलं ऐकू येत होतं, पण घाई आहे असं म्हणायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो फाटकातच थांबला.